पेटीतलं फ्रेंच सेंट

हातगाडीवर अत्तर विकणाऱ्या चांगुणाच्या पेटीतून फ्रेंच सेंटची बाटली निघाली आणि रविवार कारंज्याच्या चौकात ही गर्दी जमली.

"बघा साहेब!" रंगनाथशेठ ओरडले. गंगापूर रोडला त्यांचं उंची सेंटचं दुकान होतं. "माझा माल चोरून स्वस्तात विकते. नाहीतर हिच्या अत्तराला हुबेहूब तोच वास येईल कसा?"

"मला नाक हाय म्हणून येतो!" चांगुणा फाडकन म्हणाली. "तेलात अर्क मी स्वतः मिसळते. चोर म्हणायचं काम नाय!"

फौजदार सावळीरामांना तिचा ताठा मनापासून आवडला. पण गुन्हा नोंदला की तिची हातगाडी कायमची उठणार होती.

"इथं काल कोण आलं होतं?"

"गिऱ्हाइकं. शेठचा नोकर तर नेहमीचाच, मोठी बाटली भरून नेतो. आणि काल खुद्द शेठ. कधी नाय ते पेटीवर बसून भाव विचारत होते."

"शेठ, बाटली तुमचीच?"

"माझीच. कपाटातून गेली तशीच आहे. सीलसुद्धा फोडलेलं नाही."

फौजदारांनी सील फोडून बाटली शेठच्या नाकाखाली धरली.

"अस्सल! झोपेतही ओळखेन."

सावळीरामांनी खिशातून पांढरा रुमाल काढला. एका कोपऱ्यावर चांगुणाच्या कुपीतला थेंब टाकला.

"डाग पडंल साहेब, तेल हाय ते."

दुसऱ्या कोपऱ्यावर फ्रेंच बाटलीतला थेंब टाकून त्यांनी चहा मागवला. चहा संपला तरी दोन्ही कोपऱ्यांवर सारखेच तेलकट डाग होते.

"विलायती सेंट स्पिरिटमधलं असतं, शेठ. ते उडून जातं. हे तेल आहे."

"मग हिनंच भरलं असेल!"

"सील फोडलेलं नाही, हे तुमचेच शब्द. म्हणजे तेल तुमच्याच दुकानात भरलं गेलं. नोकराकरवी हिचा माल न्यायचा, रिकाम्या फ्रेंच बाटल्यांत भरून सील ठोकायचं आणि अस्सल म्हणून खपवायचा. गिऱ्हाइकं थेट हिच्याकडे वळू लागली, म्हणून काल पेटीवर बसून बाटली आत सरकवलीत. पण अस्सल बाटली आणणार कुठून? तुमच्या कपाटात ती नव्हतीच."

शेठचं तोंड एवढंसं झालं. हवालदाराने त्यांना जीपमध्ये बसवलं.

चांगुणाने पदर खोचला आणि जीपला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, "या हो या! शेठच्या कपाटातलं अस्सल सेंट, इथं पाच रुपयांत!"