लाल फेट्यांची वाट

पठारावर बिरदेव धनगराला फुरसं चावलं होतं. येरळा नदीला पूर, पूल पाण्याखाली, आणि सर्पदंशाची इंजेक्शनं साताऱ्यात! म्हणून संयोगिता रात्रीच दोन माणसांचं छोटं विमान घेऊन निघाली. शेजारी बर्फाची पेटी मांडीवर धरून डॉक्टर इंद्रजित. उतरायचं होतं पठारावरच्या बंद पडलेल्या कारखान्याच्या धावपट्टीवर. तिथं तिचे वडील, फौजेतले निवृत्त हवालदार नाथाजी, वॉकीटॉकी घेऊन उभे होते.

डावीकडं डोंगराची काळी धार, उजवीकडं पवनचक्क्या. मागं ढगांनी साताऱ्याची वाट बुजवलेली. पण अर्धा तास अंधारात घालवल्यावर डोळे असे सरावले होते, की तिला पात्यांच्या कडासुद्धा दिसत होत्या.

तिनं विमानाचं नाक खाली केलं. आणि फाटकन उजेड पडला!

पांढरा, आंधळा करणारा उजेड! तिनं झटकन उजवा डोळा मिटला आणि मिटूनच ठेवला. डाव्यासमोर नुसते हिरवे गोळे. उंची-वेगाची घड्याळं दिसेनात. धावपट्टी तर पायाशीच आल्यासारखी वाटली.

"आली! टेकव!" इंद्रजित ओरडला.

"आली न्हाई! उजेड झगझगीत असला की जवळ वाटतो." तिनं विमान वर ओढलं. पवनचक्कीचं पातं पंखाखालून सपकन गेलं!

"आबा, लाइट कुणी लावले?"

"उदयसिंहानं. कबड्डीचे बारा फोकस आणलेत. फेटे, हार, सगळा सत्काराचा थाट हाय."

आपल्याकडं हे असंच. माणूस मरतोय, आणि पुढाऱ्याला फोटो उजळ पाहिजे!

"बंद करायला सांगा! मला काय दिसंना!"

पलीकडून उदयसिंहाचा आवाज आला, "बाईमाणूस हाय, घाबरली. अजून दोन लावा रं!"

उजेड वाढला. काच दुधासारखी पांढरी झाली. संयोगिताला वाटलं, आपण काचेच्या बरणीत कोंडलोय. इंधन दहा मिनिटांचं. डोळा पुन्हा सरावायला लागणार अर्धा तास.

"बिरदेव?" इंद्रजितनं विचारलं.

"हिरड्यांतनं रगात येतंय," नाथाजी म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "उदयसिंह, बाजूला हो! सियाचीनला खुणा करून हेलिकॉप्टरं उतरवलीत मी, तुझी कबड्डी न्हाई ही!"

वॉकीटॉकीत कोयत्याचा खण्णकन आवाज. नाथाजींनी जनरेटरची वायर तोडली. काळोख!

"पोरी, आता ट्रॅक्टर लावतो. सहा, दोन्ही कडंला तीन-तीन. दिव्यांवर फेटे गुंडाळतो, लाल हायेत."

"आवं, सत्काराचे फेटे!" कुणीतरी कळवळलं.

"मेलेल्याचा सत्कार करणार हायेस व्हय रं?"

संयोगितानं डावा डोळा मिटला, उजवा उघडला. त्या डोळ्यात अंधार शाबूत होता! पवनचक्क्या दिसल्या. धार दिसली. आणि खाली, निखाऱ्यांसारखे मंद, लाल ठिपके. सहा जोड्या. त्यांच्यामधे काळी पट्टी.

ती उतरू लागली. इंजिन खोकलं. एकदा. दोनदा. बंद! वारा शिट्टी मारू लागला. चाकं आदळली, उडाली, पुन्हा आदळली. शेवटच्या ट्रॅक्टरपासून चार हातांवर विमान थांबलं!

इंद्रजित पेटी घेऊन धावला.

पहाटे बिरदेवनं पाणी मागितलं. उदयसिंह हार घेऊन संयोगितापुढं आला. मागं कॅमेरावाला फ्लॅश लावून तयार.

"हार ठेवा बाजूला," ती डोळे चोळत म्हणाली. "आधी तो फ्लॅश बंद करा."