शिकाऊ हाड

सांगलीच्या जबडाशाळेत त्या सकाळी सतरा जबडे भाकरी खात होते. माणसं कुठंच नव्हती. काचेच्या सतरा पेट्या, प्रत्येकीत कोमट गुलाबी पाणी आणि त्यात एकेक खालचा जबडा, आपापल्या तालात उघडझाप करणारा. खरी भाकरी नव्हती म्हणा. दोन पोलादी बोटं वरून दाब द्यायची. कधी भाकरीचा, कधी शेंगदाण्याचा, कधी उसाच्या कांडीचा. चौथ्या पेटीतला जबडा कुणा पैलवानाचा असावा, तो बहुतेक मटणाची नळी फोडत होता.

शीतल चौगुले नवव्या पेटीसमोर उभी होती. आत तिच्या नवऱ्याचा जबडा जेवत होता, आणि ती सवयीनं त्याला काही वाढायला हवं का ते बघत होती.

"हाड फार आज्ञाधारक असतं, काकू," डॉ. समीना बागवान सांगत होती. जबडाशाळा तिचीच. वय पस्तिशीचं, बोलणं मिरजेचं. "जिथं भार पडतो तिथं ते जाड होतं, जिथं पडत नाही तिथं झिजतं. अंतराळात राहून आलेल्यांची हाडं म्हणून तर पातळ होतात. तुमच्या आईच्या वेळी टायटॅनियमचे स्क्रू ठोकून दात बसवायचे. मजबूत, पण ढ. धातूला शिकवता येत नाही."

"आणि हे शिकतंय?"

"म्हणून तर शिकाऊ हाड म्हणतो. खनिजाची स्पंजासारखी जाळी, तिच्यात काकांच्याच पेशी पेरलेल्या. एकवीस दिवस जसं चावायला लावू, तसं ते वाढतं. भातात खडा आला की तुम्ही विचार करायच्या आत जबडा थांबतो ना? दाताच्या मुळाशी नसांची टोकं असतात, ते त्यांचं काम. इथं तीही शिकतात."

शिकवायचं, तर कुणाच्या तरी चावण्याची नोंद लागते. तिला चर्वणलेख म्हणतात. शीतलच्या नवऱ्याचा, धैर्यशीलचा, लेख चालण्यासारखा नव्हता. त्याच्या जबड्यात गाठ होती. जीवघेणी नव्हती, पण हाड आतून पोखरत होती. दुखरा माणूस आखडून चावतो आणि ती खोड नव्या हाडाला लागते. म्हणून त्याच घरातलं, तेच अन्न खाणारं दुसरं कुणीतरी हवं होतं. धाकट्या दिराला, विश्वजीतला, सवड नव्हती. शीतलला ती असतेच, असं घरातल्या सगळ्यांचं मत होतं.

समीनानं तिला मुखपट्टी दिली होती. कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ, दातांवर बसवायची. दाब आणि आवाजाचा कंप, दोन्ही टिपणारी. "जेवताना लावा, जेवण झालं की काढून डबीत ठेवा," असं तीनदा बजावलं होतं.

शीतलनं ती एकवीस दिवस काढलीच नाही. एवढी महागाची वस्तू ठेवायची कुठं? वर्षापूर्वी सासूबाईंची कवळी त्या घरात नारळाच्या करवंटीबरोबर उकिरड्यावर गेली होती. सगळ्यात सुरक्षित जागा आपलं तोंडच, असं तिनं ठरवलं.

"हे बघा," समीना पडद्यावर शीतलच्या लेखाच्या रेषेवर बोट ठेवत म्हणाली. "चावता चावता जबडा मधेच थांबतो. मग परत सुरू."

"कुणीतरी हाक मारली असेल."

"आणि हे? तोंडात काही नाही, तरी दात घट्ट. दिवसातून तीसेक वेळा. सुपारी खाता का?"

नवव्या पेटीतल्या जबड्यानं नेमके तेव्हाच दात असे आवळले, की पोलादी बोट करकरलं. शीतलनं ते बघितलं. तिला तो दिवसही आठवला. आमटी पातळ झाली होती.

खरं सांगावं, तर पुन्हा एकवीस दिवस आणि वर सगळी कहाणी.

"हो," ती म्हणाली. "अधनंमधनं."

शीतलनं जन्मात कधी सुपारी खाल्ली नव्हती.

जबडा बसला झकास. आता त्यानं चाळीस दिवस तोंडात मुरायचं; चाळिसाव्या दिवशी हाड पक्कं होणार, मग शिकलेलं पुसता येणार नाही. तिसऱ्या आठवड्यात धैर्यशील भाकरीवर आला आणि घरात करमणूक सुरू झाली. पूर्वी तो तासभर जेवायचा, पानावर बसून अख्ख्या बाजाराचा पंचनामा करायचा. आता सहा मिनिटांत ताट रिकामं. कुकरची शिट्टी झाली, की घास तोंडात तसाच.

"च्यायला, उठावंसं वाटतंय गं," तो म्हणाला. "शिट्ट्या किती झाल्या?"

"तीन. बसा तुम्ही."

"आणि मी डावीकडनंच का चावायलोय?"

शीतलची उजवी दाढ अकरा वर्षं दुखत होती. तिनं त्याला वांग्याची फोड वाढली.

सासूबाई तर खूश होत्या. लेकरू शहाण्यासारखं जेवतंय, म्हणाल्या.

करमणूक संपली ती हळदीच्या बाजाराची तयारी सुरू झाल्यावर. हळदीचा सौदा धैर्यशील पुकारायचा. साल दोन हजार एकसष्ट असलं, तरी सौदा माणसानं तोंडानंच पुकारायचा असतो. मधे एकदा यंत्र आणून बघितलं होतं. व्यापारी पेंगायला लागले. तेहतीस वर्षं धैर्यशीलच्या आरोळीनं हंगाम उघडत होता. त्यानं अंगणात उभं राहून छाती भरून घेतली.

"बोला, राजापुरी हळ–"

टक. दात मिटले. पुन्हा "बोला", पुन्हा टक. विश्वजीत हसायला लागला, तसा धैर्यशील त्याच्यावर ओरडायला गेला. टक.

समीनानं लेख पहिल्यापासून उलगडला. कंपाची रेष आणि दाबाची रेष तिनं एकाखाली एक ठेवल्या.

"काका," ती म्हणाली, "काकूंच्या कानावर कुणाचा चढा आवाज आला, की त्यांचे दात मिटायचे. हाडाला शब्द कळत नाहीत. ते एवढंच शिकलं: आवाज चढला, मिटायचं. आणि तुमच्या स्वतःच्या आवाजाचा कंप तुमच्या जबड्याला सगळ्यात आधी पोचतो. हळू बोललात, तर काही होणार नाही."

"हळू? सौदा हळू पुकारू? देवळात आलोय का मी?"

"एकवीस दिवसांत सहाशे बारा वेळा मिटलेत दात. काकू म्हणाल्या, सुपारी खातात."

"सुपारी? हिनं? आवं, ही तर लग्नात सुद्धा..." धैर्यशील थांबला. या खेपेला जबड्यामुळं नव्हे, त्याचा तोच थांबला.

उपाय होता. विश्वजीतचा आठवड्याभराचा लेख घ्यायचा आणि एकोणचाळिसाव्या दिवसापर्यंत येऊन हाडाला तो नव्यानं गिरवायला लावायचा; वाढलेल्या हाडाला एक बैठक पुरते. चाळिसाव्या सकाळी आलात तरी चालेल, पण तीच शेवटची, असं समीनानं सांगितलं. विश्वजीतला सवड काढून लेख पुरा करायला नेमका एकोणचाळिसावा दिवस उजाडला.

घरी जाताना गाडीत धैर्यशीलनं हळूच विचारलं, "सहाशे बारा?"

"तुम्ही आजारी होता," शीतल म्हणाली. "म्हणून थोडे जास्त झाले असतील."

एकोणचाळिसाव्या दिवशी दुपारी दोघंच जेवायला बसले. विश्वजीतचा लेख शाळेत पोचला होता. उद्या सकाळी नऊला जायचं, परवापासून आरोळी. धैर्यशीलला त्याचीच घाई झाली होती.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला. "तुला इतक्या वर्षांत..."

"समोर आहे. हातानं घ्या!"

शीतलचा आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. टक.

दोघंही दचकली. धैर्यशीलचे दात मिटले होते, गाल थरथरत होता, आणि डोळ्यांत जे होतं ते शीतलनं कधी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. नुसतं आतून ओळखत होती. हा माणूस शांत झालेला नव्हता. गिळत होता.

तिनं दुसरी भाकरी वाढून घेतली. स्वतःला, आधी. दारावरची घंटा वाजली. धैर्यशीलचा घास थांबला आणि तोच उठून गेला. कुरियर घेऊन येऊन पुन्हा पानावर बसला. शीतल सावकाश चावत होती. गरम भाकरीला इतकी चव असते, हे तिला माहीत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. समीना होती. "काकू, उद्या नऊला नक्की ना? तुमच्यानंतरच्या पेशंटला तसं कळवायचंय."

शीतलनं समोर बघितलं. धैर्यशील मान हलवत होता, हो म्हण, हो म्हण.

"उद्या नाही जमायचं, डॉक्टर," ती खणखणीत आवाजात म्हणाली.

टक.

तिनं फोन उपडा ठेवला. अर्ध्या मिनिटानं जबडा सैल झाला. धैर्यशीलनं तोंड उघडलं, छाती भरली, पण मग काही आठवून ती हळूहळू रिकामी केली. आणि लग्नानंतर पहिल्यांदाच, शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये अशा आवाजात, जपून, तिची मर्जी बघत म्हणाला, "शीतल... उद्या जायचं होतं ना गं आपण?"

अगदी तिच्यासारखं विचारलं त्यानं. तोच सूर, तीच मान खाली.

शीतलला त्याची दया आली. खरंच आली. परत फोन करायला संध्याकाळपर्यंत वेळ होता.

पण भाकरी गरम होती. ती तिनं आधी संपवली.