शाईखालचा आवाज

बाबांना गप्प बसून सिनेमा पाहता येत नाही. नायिकेने दाराला हात लावायच्या आत हे सांगून मोकळे, "आता बघ, ती मागे वळणारच नाही." आई होती तेव्हा थिएटरात त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसायची. ती गेल्यावर त्यांना घरी एकटं ठेवणं जिवावर यायला लागलं, म्हणून मी त्यांना कामावर न्यायला लागले.

माझं काम जुन्या फिती दुरुस्त करायचं. चित्रपट संग्रहालयाच्या मागच्या अंगाला एक बिनखिडकीची खोली आहे. जुन्या फितींना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, तो आता माझ्या केसांतूनही जात नाही. टेबलावर फीत चढवायच्या फिरत्या थाळ्या, मध्ये वहीएवढा पडदा आणि खाली एक स्पीकर. बाबा शेजारच्या स्टुलावर बसून त्यांची टकळी सुरू ठेवायचे. कधीकधी डोकं उठायचं. पण ते बोलत असले की आई गेल्यापासूनची घरातली पोकळी जरा भरल्यासारखी वाटायची, हेही खरं.

तेव्हा हॉलिवुडचा एक जुना कृष्णधवल चित्रपट दुरुस्तीला आला होता. नायक-नायिका दोघंही एके काळचे मोठे तारे. बाबांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते भाळले लिफ्टवाल्यावर. नवऱ्याने टाकलेली नायिका हॉटेलच्या लिफ्टमध्ये शिरते आणि वरच्या मजल्यापर्यंत बोलत राहते. पांढरे हातमोजे घातलेला लिफ्टवाला नुसता उभा असतो. त्याला एक वाक्य नाही, नामावलीत नाव नाही.

"बोलायला काय, कुणीही बोलतं," बाबा म्हणाले. "ऐकायला नट लागतो. बघ, तिचं वाक्य त्याच्या मानेत कसं शिरतंय!"

"तुम्हीही शिका की जरा ऐकायला."

"छे! तेवढी अक्कल कुठली मला?" म्हणाले आणि खोकले. तो कोरडा खोकला त्यांना कैक वर्षं होता.

दुसऱ्या दिवशी त्याच प्रसंगात मला एक खरखर ऐकू आली. फितीच्या कडेला आवाजाची एक नागमोडी रेघ छापलेली असते. तिच्यावर ओरखडा असला की स्पीकरमधून टक् असा आवाज येतो, आणि तेवढ्या जागी आम्ही काळी शाई लावतो. शाईखाली शांतता. ही खरखर खोकल्यासारखी होती, कोरड्या खोकल्यासारखी. जुन्या फितींमधून काय वाटेल ते ऐकू येतं. मी कुंचला फिरवला आणि पुढच्या कामाला लागले.

त्या दिवसापासून बाबांचा खोकला थांबला. मी नव्या औषधाला श्रेय दिलं आणि खूश झाले.

मग पुढच्या तपासणीत नायिकेच्या दोन वाक्यांमधल्या शांततेत कुणीतरी पुटपुटताना ऐकू आलं. मी आवाज वाढवला.

"...मानेत कसं शिरतंय."

आधी मी थाळ्या बंद केल्या, मग फीत भिंगाखाली धरली. छापलेल्या फितीत नवा आवाज शिरत नाही, ते शक्यच नाही. पण आधी जिथे रेघ सरळ होती तिथे आता बारीक लाटा दिसत होत्या. बाबा स्टुलावर बसून डबा खात होते. त्यांना काही सांगायचा मला धीर झाला नाही. चित्रपटाचा खेळ तोंडावर आला होता. फितीत नको तो आवाज असेल तर तो काढायचा, एवढंच मला शिकवलेलं. मी लांबच लांब काळा पट्टा ओढला. पट्टा सरळ आला.

सकाळी चहाच्या वेळी बाबांनी तोंड उघडलं, आणि आवाज आलाच नाही.

डॉक्टरांनी घसा तपासला. "घशात काहीच दोष नाही. धक्काबिक्का बसलाय का?"

बाबा घाबरले नाहीत. मी घाबरले ते त्यामुळे. घरी आल्यावर मीच बोलत सुटले. आईचं शेवटचं आजारपण, माझं मोडलेलं लग्न, कधी कुणाला न सांगितलेलं सगळं सांगितलं. त्यांनी मान किंचित कलती ठेवून सगळं ऐकलं. इतकं सुंदर ऐकलं की मला रडू फुटलं. आणि रडता रडताच लक्षात आलं, बाबांनी जन्मात कधी माझं एक वाक्य पुरं होऊ दिलेलं नाही.

मला त्यांची ती अखंड बडबड परत हवी होती. बाकी काही कळत नव्हतं. तशीच त्यांना घेऊन संग्रहालयात गेले. कापसावर स्पिरिट घेतलं आणि फितीवरची शाई पुसायला लागले. कापूस काळा होत गेला. ते शेजारी बसून बघत होते.

फीत थाळीवर चढवली.

नायिका लिफ्टमध्ये आली. बोलायला लागली.

लिफ्टवाल्याला आज ऐकताच येत नव्हतं. तो चुळबुळत होता, तिचं वाक्य संपायच्या आत तोंड उघडत होता, हातमोज्यांतली बोटं एकमेकांत गुंतवत होता. मोठ्या गर्दीत हरवलेल्या माणसासारखा तो पडद्याबाहेर पाहत होता.

मग तो बोलला. बाबांच्या आवाजात.

"तायडे."

ती हाक फक्त बाबाच मारतात.

"तायडे, तुझ्या शेजारी कोण बसलंय?"

मी मान वळवली नाही. मला वळवता आली नाही.

"तायडे, ऐकतेस ना?"

शेजारून एक हात पुढे आला. बाबांचाच हात, करंगळीवरच्या भाजल्याच्या डागासकट. त्या हाताने शाईच्या बाटलीचं झाकण काढलं, कुंचला नीट बुडवला, बाटलीच्या काठावर निथळवला आणि अगदी मायेने माझ्या बोटांत दिला.