कोकोच्या कोठीतली मबूया

कडी दिसली की लावायची, ही तोंतों आन्सेल्मची, म्हणजे आन्सेल्ममामाची, खोड घरातल्या सगळ्यांना नकोशी झाली होती. आत कोण आहे, काय आहे, बघायचंच नाही! परवा तर त्याने आपल्या थोरल्या बहिणीला, पोरांच्या मावशीला म्हणजे तांत फिलोमेनलाच, अंगाला साबण लावलेला असताना न्हाणीघरात कोंडलं होतं. कानात क्रिकेटची कॉमेंट्री सुरू झाली की हा माणूस जगाला मुकायचा. सुट्टीला आलेली भाचरं हाका मारून थकायची.

आणि आज तर त्याने कहर केला.

"मिमी पळाली," पावाला लोणी फासत तो म्हणाला.

"पळाली?" बारा वर्षांची झेली कडाडली. "काचेची पेटी डोक्यावर घेऊन?"

मिमी ही झेलीची पाल. मांजराने शेपटी तोडली तेव्हापासून झेलीने तिला पेटीत जपलं होतं. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं, खालचा काथ्या ओला ठेवायचा, झुरळं पकडून द्यायची. आता तर मिमीचे कात टाकायचे दिवस! ओल कमी पडली की सुकी कात बोटांना आवळते आणि बोटं झडतात. मग पाल भिंतीला चिकटणार कशी, जगणार कशी?

झेलीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तिने मावसभाऊ कर्विनला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला, लिसेटला, ओढतच बाहेर नेलं.

"हे बघा, काथ्या सांडलाय!"

काथ्याच्या ओल्या तुकड्यांची रांग ओसरीवरून निघून थेट कोको साठवायच्या पत्र्याच्या कोठीत शिरत होती. आत, पोत्यांच्या थप्पीवर, तापलेल्या पत्र्याला जवळजवळ टेकलेली पेटी! मिमी तोंड वासून पडली होती.

"काढा तिला खाली!" झेली ओरडली.

तिघांनी पेटी खाली घेतली आणि तेवढ्यात... खटाक! दार बंद!

"तोंतों! आम्ही आत आहोत!"

"चौकार!" बाहेरून तोंतोंचा आनंदी आवाज आला, आणि दूर गेला.

कोठीत भट्टीसारखं तापलं होतं. खिडकी नाही, झरोका हाताला लागेना. दाराला धडका मारून कर्विनचा खांदा सुजला.

"आपण इथेच वाळणार," लिसेट रडकुंडीला आली. "कोकोच्या बियांसारखे!"

"गप गं! आधी मिमी. कर्विन, खिशात काय लपवतोयस?"

"काही नाही! पेरूचा बर्फ आहे. माझा आहे!"

"काढ!"

"झेली, तू ना, अगदी तांत फिलोमेन होणार मोठेपणी!" कुरकुरत त्याने बर्फाची पिशवी दिली. झेलीने ती तशीच बांधलेली रुमालात गुंडाळून काचेला बाहेरून लावली. मिमीने हळूच तोंड मिटलं. पण बर्फ टिकणार किती?

बाहेर पावलं वाजली. तिघांनी एकच गलका केला, "मबूया मरतेय! मबूयाला बाहेर काढा!"

"देवा रे!" बाहेर शेजारच्या मादाम ओदिलियाने किंकाळी फोडली आणि ती पळत सुटली.

"ही का पळाली?" लिसेटने विचारलं.

झेलीने कपाळावर हात मारला. "अगं, आपल्याकडे पालीलाही मबूया म्हणतात आणि भुतालाही! तिला वाटलं, कोठीत भूत आहे!" मग ती एकदम थांबली. "कर्विन, तुझा तो फुटलेला आवाज काढ बरं. त्या रिकाम्या पिंपात तोंड घाल!"

थोड्याच वेळात मादामने तोंतोंला धरून आणलं. भूत पळवायला दाराच्या फटीतून मीठ आत उडालं.

"को... कोण आहे?"

"मबूऽऽया!" पिंप घुमलं. "मला उन्हात कोणी टाकलं?"

"मीच! पण मारायला नाही हो! पाल अंगाला चिकटली की गरम इस्त्रीशिवाय सुटत नाही म्हणतात! म्हणून लांब ठेवली. पोरांना खोटंच सांगितलं, पळाली म्हणून!"

"मग कडी काढ! आणि पाठ फिरवून डोळे मीट!"

खटकन कडी निघाली. पेटी सांभाळत तिघं घामाघूम बाहेर आली, आणि समोर बघून जागीच थबकली. मादामची किंकाळी ऐकून तांत फिलोमेनही येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

तिने स्वतःच्या डोक्याचं फडकं सोडलं, अंगणातल्या नळाखाली भिजवलं आणि पेटीच्या वरच्या जाळीवर घातलं. काचेआड मिमीने जीभ बाहेर काढून ओली काच चाटली.

"शाबास रे पोरांनो!" तांत म्हणाली. "झेली, डोकं तुझं तापलं नाही हो, कोठी तापली तरी! आणि कर्विन, आवाज काय लावलास! मी स्वतः कडी काढायला निघाले होते!"

तोंतों अजून डोळे मिटूनच उभा होता.

"गेली का ती?" त्याने विचारलं.

"उघड डोळे, आन्सेल्म," तांत त्याच्यासमोर जाऊन म्हणाली. "भ्यालास, त्याचं मला काही नाही. वादळ आलं की मीही पलंगाखाली शिरते. पण भ्यालास तू, आणि कोंडलंस दुसऱ्याला! जेवायला ये. पण या तिघांची ताटं वाढून झाल्यावर ये, आणि मान खाली घालून ये."