ओठांतलं नाव

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच अडकली, दिवा गेला, आणि अंधारात कुणीतरी पुटपुटू लागलं. देवाचं नाव — पण तिनं ते फक्त बातम्यांत ऐकलं होतं, गोळ्या झाडण्याआधी ओरडलेलं. ती दचकून भिंतीला चिकटली. पुटपुटणं तिथंच थांबलं.

दिवा आला तेव्हा समोर एक घामेजलेला तरुण, पुठ्ठ्याचं इवलंसं घर छातीशी धरून उभा. बंद जागेत भीती वाटते, म्हणून… असं काहीसं म्हणत त्यानं तिचीच माफी मागितली. तिला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो सहाव्या मजल्यावर घरांचे नमुने बनवायचा. ती चौथ्यावर, कानांच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी करायची. दुसऱ्या दिवशी तो जिन्यानं निघाला, तर तीही. मग रोजच. खिडकीवर पाऊस सरसरत असायचा आणि दोघं प्रत्येक वळणावर उगीचच रेंगाळायची.

"दमलीस?"

"छे. जिनाच लवकर संपतो."

एकदा त्यानं सांगितलं — त्या गोळ्या झाडणाऱ्यांनी ते नाव इतकं भेसूर करून टाकलंय, की आईनंच बजावलंय, बाहेर मनातल्या मनात घे.

"मला झोपवताना ती तेच गुणगुणायची," तो हळूच म्हणाला. "किती मऊ वाटायचं…"

तिनं घरी त्याचा विषय काढला. मुलगा चांगला असेलही, पण त्यांच्यातल्यांचा काय भरवसा, म्हणून बाबांनी तोंड फिरवलं.

एका संध्याकाळी बाबा तिला न्यायला आले आणि बाहेर बाकावर बसले. ती त्याला तपासणीच्या खोलीत घेऊन गेली होती.

"इथला आवाज बाहेर जात नाही. म्हण ना… मोठ्यानं."

त्यानं बाकावरच्या तिच्या बाबांकडे पाहिलं.

"दार उघडंच राहू दे."

आणि त्यानं डोळे मिटून ते नाव घेतलं. संथ, ओलसर आवाजात, जसं एखाद्याला खूप दिवसांनी हाक मारावी… तिच्या अंगावर शहारा आला. या वेळी भीतीचा नव्हता.

बाबा दारात येऊन उभे होते.

"काय मागितलंस?"

त्याचे कान लाल झाले. "हिला."

बाबांनी चष्मा काढला. तो पुसत म्हणाले, "देवाला विचारून झालं. आता मला विचार. ये, बाहेर बस."

आणि बाकावर ते थोडे सरकून बसले.