मधमाश्यांना कुणी सांगितलं नाही

"जानेवारीत मधमाश्या. आता मुरांब्याच्या बरण्यांवर काय, पहारा बसवू?"

डिन्सडेलबाई चुलीशी वाकून पुटपुटत होती. बाईसाहेबांना ऐकू जावं, पण उत्तर द्यावं लागू नये, एवढ्याच बेतानं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या घरी राबल्यावर तेवढी कला साधतेच.

लेटिस शेजारच्या खोलीत चहा ढवळत राहिली. खिडकीबाहेर यॉर्कशरचं माळरान बर्फानं पांढरंफेक पडलं होतं. फक्त त्यांच्या कुंपणाच्या आत बर्फ नव्हता. सफरचंदाच्या झाडावर ऑक्टोबरची पिवळी पानं तशीच होती, आणि खाली बाकावर मांडलेल्या पेंढ्याच्या टोपल्यांतून अँब्रोजच्या मधमाश्या ये-जा करत होत्या.

अँब्रोज तिचा नवरा, गावच्या चर्चमधला धाकटा पाद्री. ऑक्टोबरात एका मरणाऱ्या मेंढपाळापाशी प्रार्थना करायला म्हणून धुक्यात निघाला, तो आलाच नाही. दलदलीच्या कडेला टोपी तेवढी सापडली. गावानं तो शब्द उच्चारला नाही. "साहेब आले की निरोप द्या," म्हणत आणि लगेच हवापाण्यावर येत. लेटिसनंही दुखवट्याचे काळे कपडे शिवले नाहीत.

दर ऋतूला तो तिच्यासाठी एक कविता लिहायचा, निळ्या वहीत. देव, ती आणि माळावरचं गवत या तिघांना एकाच ओळीत कोंबायची त्याला खोड होती. "देवाला जरा सरकायला सांगा, माझी अडचण होतेय," ती म्हणायची. शरदाची कविता अर्धीच राहिली होती.

ती रोज वाढत होती.

सकाळी वही उघडली की चार नव्या ओळी, त्याच्याच तिरप्या अक्षरात, शाई ओली. लेटिस कुणाला बोलली नाही. बोटाला लागलेली शाई दिवसभर पुसायची नाही, एवढंच. तेवढ्यावर दिवस निघायचा.

नाताळापर्यंत ओळी गोड होत्या. मग त्यांतून देव गेला. मग गवत गेलं. आज यमकही नव्हतं.

अजून शरदच कसा? पाय भिजलेत. लेटिस, दार कुठल्या बाजूला आहे?

तिनं ते तीनदा वाचलं आणि वही मिटून स्वयंपाकघरात आली.

"डिन्सडेलबाई, मधमाश्यांना कुणी सांगितलं होतं का हो?"

बाईचा हात भांड्यावर थबकला. "घरातलं माणूस गेलं की ते माश्यांना घरच्यांनीच सांगायचं असतं, बाईसाहेब. दाराच्या किल्लीनं टोपलीवर टकटक करून. मी पडले मोलकरीण. तुम्ही सांगाल म्हणून मी थांबले."

"आणि नाही सांगितलं तर?"

"आमची आई म्हणायची, पोळं उठून जातं."

"हे तर गेलं नाही."

"नाही ना. वाट बघत बसलंय." डिन्सडेलबाईनं नजर चुलीकडे वळवली. "थंडीत किती दिवस उभं करायचं एखाद्याला?"

सांगितलं की उद्याचं पान कोरं राहणार, हे लेटिसला कुणी समजावून द्यायला नको होतं. तिनं खुंटीवरची किल्ली काढली.

बागेत ऊन होतं, जुनं, मधासारखं. डिन्सडेलबाई डावीकडे, दाराच्या उंबऱ्यातच थांबली, हात एप्रनमध्ये गुंडाळून.

लेटिसनं तीनदा टकटक केलं.

गुणगुण थांबली.

ओल्या लोकरीचा वास आला. तिच्या उजव्या बाहीला एक बाही टेकली, भिजलेली, गार. कविता वाचून झाल्यावर ती काय म्हणते ते ऐकायला तो वाकायचा, तसं कुणीतरी वाकलं होतं.

तिनं मान वळवली नाही.

"तुमचे मालक वारले," ती टोपल्यांना म्हणाली. बाही तशीच टेकलेली होती. मग ती अगदी हळू, उजवीकडे म्हणाली, "अँब्रोज, ऑक्टोबरातच मेलात हो तुम्ही."