जिवंत तबकडी

शनीच्या टायटन या चंद्रावरच्या तळाचा पृथ्वीशी संपर्क तुटून तीन वर्षे झाली होती. अँटेना निकामी झाल्याचे मुख्य संगणक सांगत होता, आणि त्यावर शंका घ्यायचे कुणाला कारण नव्हते. पण आता संगणकच वारंवार बंद पडू लागला. नवी कार्यप्रणाली तळावरच्या यंत्रांशी जुळेल का, हे तपासायचे काम अभियंता ऋजुता साळगावकरकडे आले.

"हिला जिवंत तबकडी म्हणतात, सर," ती तळप्रमुख यशवंत पाटणकरांना म्हणाली. "हिच्यावरची प्रणाली संगणकात बसवावी लागत नाही, तबकडीवरूनच चालते. फक्त एकेक यंत्र ओळखता येतं का ते बघते. तबकडी काढली की सगळं पूर्ववत."

"आणि आपल्या जुन्या आज्ञा?"

"तिला माहीतच नसतात. म्हणून तर बिघाड यंत्रात आहे की आज्ञेत, ते कळतं."

पाटणकरांनी पडद्यावरची यंत्रांची यादी पाहिली. "अँटेना वगळ. ती गेलेलीच आहे."

पण चाचणी सुरू झाली होती. हवाशुद्धी जुळली, पंप जुळले. मग अँटेनाही जुळली.

ऋजुताने वळून पाहिले. पाटणकरांचा चेहरा उतरला होता.

"ती बंद करण्याची आज्ञा माझी," ते म्हणाले. "आपल्याला न्यायला निघालेलं यान वाटेत फुटलं. दुसरं पाठवणं जमणार नाही, असं पृथ्वीवरून कळवलं. ही बातमी इथे कुणाला पेलली नसती, ऋजुता. तुम्ही सगळे यानाची वाट पाहत होतात, म्हणून हातपाय हलवत होतात."

ती काही बोलणार, तोच ध्वनिक्षेपक खरखरला. आवाज माणसाचा होता, अगदी जवळचा.

"...महिनाभर या धुक्यावर घिरट्या घालतो आहोत. खालून संकेत मिळाल्याशिवाय यान उतरवता येत नाही. उत्तर नाही. परत फिरण्यापूर्वी तळावरच्या सहकाऱ्यांची नावे घेतो. यशवंत पाटणकर. ऋजुता साळगावकर. नंदन पारखी..."

नंदन पंधरवड्यापूर्वी गेला होता. जखम साधीच होती, पण चिघळली. औषधे संपली होती.

ऋजुताने माईक सुरू केला. "टायटन तळ. आम्ही आहोत."

वरची नावे थांबली.

"किती जण आहात?"

ऋजुताने माईक पाटणकरांपुढे सरकवला. त्यांनी तिच्याकडे पाहिले. तिने नजर हटवली नाही.

"अकरा," ते म्हणाले. मग फार हळू पुढे म्हणाले, "तुम्ही आलात तेव्हा बारा होतो."